उरलेल्या कोंबडीचा विचार आधी

प्रिय ताई,

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी घरामागच्या अंगणात चार तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. अंड्यांसाठी म्हणून आणलेल्या त्या पाहता पाहता घरातल्याच झाल्या आणि त्यांना राणी, काळी, तांबडी, ठिपकी अशी नावे पडली. गेल्या वर्षी ठिपकी आजारी पडून गेली. गेल्या महिन्यात एका रात्री यजमान खुराड्याची कडी लावायला विसरले, कोणता तरी प्राणी आत शिरला आणि सकाळी राणी व काळी मेलेल्या सापडल्या. दुसऱ्याच दिवशी यजमान म्हणाले, ‘नव्या चार घेऊन येऊ’, आणि तेव्हापासून तुम्ही त्यांच्याशी कामापुरतेच बोलता. कोंबड्यांसाठी इतके रडणे शहाणपणाचे आहे का, ही चूक माफ कशी करावी आणि हा नाद आता कायमचा सोडून द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे एक वाक्य आहे : ‘तांबडी कोपऱ्यात बसून असते, अंडीही देत नाही.’ मी उत्तराची सुरुवात त्या वाक्यापासून करते, कारण तुमच्या पत्रातल्या सगळ्या दुःखांपैकी आज ज्यावर काही करता येईल असे ते एकच दुःख आहे.

कोंबडी हा कळपाने राहणारा जीव आहे. आपल्या अंगणातल्या सगळ्या कोंबड्या ज्या लाल रानकोंबडीपासून आल्या, ती आजही लहान लहान टोळ्यांनी वावरते, आणि हजारो वर्षे माणसाजवळ राहूनही तो स्वभाव पुसला गेलेला नाही. टोळीत कोण कोणाला चोच मारू शकते याचा क्रम ठरलेला असतो, ही गोष्ट 1920 च्या दशकाच्या आरंभी थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने कोंबड्यांचे बारकाईने निरीक्षण करूनच मांडली. असा क्रम टिकायचा, तर प्रत्येक कोंबडीला दुसरी कोंबडी चेहऱ्यानिशी ओळखता यावी लागते, आणि ती ओळखता येते. म्हणजे तांबडीने दोन अनोळखी पक्षी गमावलेले नाहीत. जिच्यानंतर दाण्याजवळ जायचे आणि जिला खेटून रात्री दांडीवर बसायचे, त्या दोघी एका रात्रीत नाहीशा झाल्या आहेत. शिवाय टोळीत एकीची मान खाली असते तेव्हा दुसरीची वर असते, त्यामुळे पहारा आपोआप वाटला जातो. एकटीला चरायचेही स्वतःच आणि भोवती पाहायचेही स्वतःच. अशा स्थितीत तिचे खाणे कमी होणे आणि अंडी थांबणे मुळीच आश्चर्याचे नाही.

तरीही सगळे एकटेपणावर टाकून मोकळे होऊ नका, आधी तिला हातात घेऊन नीट तपासा. छातीचे मधले हाड धारेसारखे हाताला लागत असेल, तर ती बऱ्याच दिवसांपासून वाळते आहे. गळ्याखालची अन्नाची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि पहाटे रिकामी लागली पाहिजे; पहाटेही ती भरलेली किंवा टणक असेल, तर पशुवैद्याला दाखवा. रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खाचा पाहा, कारण रक्त शोषणारे बारीक किडे दिवसा फटींत दडतात आणि अंधार पडल्यावरच बाहेर येतात. तुरा फिका पडलेला नसेल आणि मानेवर नव्या पिसांचे खुंट दिसत असतील, तर ती फक्त पिसे टाकते आहे आणि त्या काळात अंडी थांबणारच.

आता नाद सोडण्याचा प्रश्न. तुम्हाला तो सोडण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण एक कोंबडी मागे ठेवून तो सोडता येणार नाही. ज्या घरी चांगली टोळी आहे अशा विश्वासू घरी तांबडीला देणे हा एक मार्ग आहे. परंतु तिथे ती सर्वांत खालच्या पायरीवर, परक्या जागेत आणि तुमच्याविना राहील. दुसरा मार्ग तिला सोबत आणण्याचा, आणि माझे मत त्या बाजूने आहे. मात्र यजमान म्हणतात तशा चार नकोत. चार हा आकडा जुनी टोळी पुन्हा उभी करण्यासाठी आहे, आणि ती पुन्हा उभी राहणार नाही. एकही नको, कारण तांबडीच्या सगळ्या चोची एकट्या नवखीला खाव्या लागतील. दोन आणा, एकमेकींना ओळखणाऱ्या आणा, आणि चार-पाच महिन्यांच्या तलंगा आणा. उबेवाचून न जगणारी पिल्ले या घडीला तुमच्या घरी नकोत. मरेक नावाच्या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी द्यायची असते, ती दिली होती का हे विकणाऱ्याला विचारून घ्या. नव्या आलेल्या तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, म्हणजे एखादा आजार सुप्त असेल तर तो तांबडीपर्यंत पोचण्याआधी कळेल. मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकींना पाहू द्या, आणि एकत्र सोडाल तेव्हा दाण्याची व पाण्याची भांडी दोन-दोन ठेवा. चोचाचोची होईल, ती होऊ द्यावी. रक्त दिसले तरच मध्ये पडावे.

इतके झाल्यावर तुमच्या रडण्याकडे येते. ‘कोंबडीच तर होती’ असे म्हणणाऱ्यांनी कोंबडी बहुधा लांबूनच पाहिलेली असते. जवळून पाहणाऱ्याला ठाऊक असते की दार वाजताच पंख अर्धवट पसरून धावत येणारी कोणती आणि सगळ्यांचे खाऊन झाल्यावर सावकाश येणारी कोणती. कोरड्या मातीत खड्डा करून ती लोळते, पिसांच्या मुळांपर्यंत धूळ भरून घेते आणि मग अंग झाडून तृप्त उभी राहते. उन्हात एक पंख आणि एक पाय लांब करून अशी पडते की नवख्या माणसाला ती मेली असे वाटावे. आभाळातल्या घारीसाठी तिचा इशारा वेगळा आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी वेगळा. कोंबड्यांचे असे दोन डझनांच्या आसपास निरनिराळे आवाज अभ्यासकांनी वेगळे ओळखले आहेत, आणि अंडे घातल्यानंतरचा तो मोठ्याने केलेला पुकारा तर साऱ्या आळीला ऐकू जातो. राणी तिन्हीसांजेला तुमच्या मांडीवर येऊन बसायची, असे तुम्ही लिहिले आहे. रोज पहाटे दार उघडून ज्यांना बाहेर सोडायचे आणि रोज अंधार पडताना ज्यांना मोजून आत घ्यायचे, त्यांच्याशी दिवसाची दोन्ही टोके बांधली जातात. ती मोजणी एके दिवशी कमी भरली तर जीव तुटणारच. या दुःखाला कोणाची संमती लागत नाही. ज्यांना ते कळत नाही त्यांच्याशी वादही घालू नका.

यजमानांविषयी लिहिण्यापूर्वी मला ठिपकीविषयी बोलायचे आहे, कारण पत्रात तिच्याबद्दलही एक वाक्य आहे आणि ते तुम्हाला बोचते आहे असे मला वाटते : ‘दोन दिवस पिसे फुगवून उभी होती, मला वाटले खुडूक झाली असेल.’ ताई, ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहते आहे, हा समज कोणाचाही होऊ शकला असता. ज्यांची शिकार होते असे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात, कारण रानात दुबळा दिसणारा आधी मरतो. त्यात अंड्यांसाठी पैदास केलेल्या संकरित कोंबडीचे शरीर मुळातच ताणलेले असते. रानकोंबडी वर्षाला साधारण दहा-पंधरा अंडी घालते. ही वर्षाला 300 च्या आसपास घालते. एक अंडे तयार व्हायला सुमारे 25 तास लागतात, त्यांतले 20 तास एकट्या कवचाला, आणि त्या कवचासाठी लागणाऱ्या सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियमचा काही भाग ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. वर्षानुवर्षे असे चालल्यावर अंडनलिकेचे विकार, पोटात बलक पडून होणारा संसर्ग, अंडाशयाचा कर्करोग हे या कोंबड्यांत वारंवार दिसतात, आणि बाहेरून लक्षण दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. दोन दिवस आधी नेले असते तरी ठिपकी वाचली असती असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. यापुढे मात्र हे माहीत असू द्या : खुडूक कोंबडी अंड्यांच्या जागेवर चिकटून बसते आणि हात लावताच चिडते, पिसे फुगवून, शेपूट खाली टाकून, डोळे मिटून उभी राहणारी खुडूक नसते. नव्या तलंगा निवडताना वर्षाला कमी अंडी घालणारी जुन्या वाणाची जात मागा. अंडी कमी मिळतील, पण असल्या दुखण्यांचा धोका कमी राहील आणि सोबत अधिक वर्षे लाभण्याची शक्यता वाढेल.

तुमच्या मनात यजमानांवर जो राग आहे, त्यात ठिपकीविषयीचा स्वतःवरचा रागही थोडा मिसळलेला असावा. तुम्हाला दुखवण्यासाठी मी हे म्हणत नाही. तीन वर्षांत हजाराहून अधिक संध्याकाळी ती कडी लागली, त्यांतल्या बहुतेक त्यांनीच लावली असे तुम्हीच लिहिले आहे, आणि एका संध्याकाळी ती राहिली. चूक खरी आहे आणि तिची किंमत दोन जिवांनी दिली. ‘काही झालेच नाही’ असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे, आणि त्यांनी अजून एकदाही ‘माझ्याकडून चूक झाली’ असे म्हटले नसेल, तर ते शब्द ऐकायचे आहेत असे त्यांना स्पष्ट सांगा. परंतु ‘नव्या चार घेऊन येऊ’ या वाक्याला मी निर्दयपणा म्हणणार नाही. अपराधी वाटणारी माणसे बहुतेक वेळा काहीतरी भरून काढायला धावतात, कारण रिकाम्या दांडीकडे पाहणे त्यांनाच सोसत नाही. त्यांना विचारून पाहा. आणि तुम्हाला कडीपेक्षा ती घाई अधिक लागली असेल, राणीची जागा कोणीही भरू शकते असे त्यातून ऐकू आले असेल, तर नेमके तेच बोला. अबोल्यातून ते त्यांना कळणार नाही.

भरून काढण्याची त्यांची धडपड खुराड्याकडे वळवा. कोंबड्यांचे जगणे एका माणसाच्या एका संध्याकाळच्या आठवणीवर अवलंबून असणे हाच मूळ दोष आहे. साधा आकडा काही प्राणी पंजाने उचलतात, म्हणून दोन हालचालींवाचून न उघडणारी कडी हवी. ऐपत असेल तर उजेड मावळल्यावर आपोआप बंद होणारे दारही मिळते. बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. त्या जागी अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाड, जोडकाम केलेली जाळी लावा आणि ती जमिनीत फूटभर गाडा किंवा बाहेरच्या बाजूला वळवून पसरा, म्हणजे उकरून आत येता येणार नाही. हे काम पुरे होईपर्यंत नव्या तलंगा आणू नका. ‘त्या पळाल्या का नाहीत’ हा तुमचा प्रश्नही इथेच संपवते : कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, दांडीवर बसलेली ती रात्री जागची हलत नाही. राणी आणि काळीच्या हातात काहीच नव्हते.

पक्षी तपासणारा पशुवैद्य गरज पडण्यापूर्वीच शोधून ठेवा, उपचारावर किती खर्च करायचा आणि वेदना असह्य झाल्या तर निर्णय कोणी घ्यायचा हे शांत वेळी ठरवून ठेवा. अंगावर जखम नसताना अनेक कोंबड्या अचानक दगावल्या तर त्यांना हात न लावता लगेच सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचे असते, हेही दोघांना माहीत हवे.

एक पेच मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. तांबडीसाठी दोन आणल्या, की काही वर्षांनी तांबडी जाईल, मग त्या दोघींतली एक जाईल आणि तुम्ही पुन्हा याच जागी उभ्या असाल. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घराला ही साखळी कुठेतरी थांबवावी लागते. तेव्हा दोघींपैकी एक गेली तर दुसरीला कोणाच्या टोळीत द्यायचे, त्या घराशी आत्ताच बोलून ठेवा. तो निर्णय दोघांनी मिळून घ्या, आणि तो घेण्यापूर्वी नव्या तलंगांचे पैसे कोणालाही देऊ नका.

तुमची,
ताई