बोटीचं इंजिन तापलं की आधी पाणी बघ
अरे लगेच हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायला बसू नकोस. आधी मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी नीट पडतंय का बघ, कमी असेल तर सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीचा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा आहे का, स्ट्रेनरमध्ये (त्या पाण्याच्या गाळणीत) शेवाळ, प्लास्टिक काही अडकलंय का, आणि मग रॉ वॉटर पंपाचा (ते पाणी खेचणाऱ्या पंपाचा) इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक. त्याचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर नुसता नवा टाकून मोकळा होऊ नकोस, तो तुकडा हुडकून काढ, बऱ्याचदा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनचं कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी सापडतो (मी एकदा आळस केला, आठवड्यात परत तेच). सगळं ठीक असूनही पाणी कमीच, तर मिक्सिंग एल्बो (हे पाणी एक्झॉस्टच्या धुरात मिसळतं तो वाकडा पाइप) खोलून बघ, आत कार्बन आणि मिठाचा थर साचतो. आणि हो, इंजिन चालू होत नसताना सीकॉक उघडा ठेवून सारखा स्टार्टर मारू नकोस, मफलर (एक्झॉस्टचा सायलेन्सर) भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. बंद ठेव, इंजिन पकडलं की लगेच उघड.