भरतीच्या वेळी जा

अगं पोरी,

परवा रात्री साडेअकराला फोन करून रडवेल्या आवाजात विचारलंस, "काका, पाणथळ जागांचे नियमच सैल केले तर पक्षी मोजून काय दिवे लावणार?" तेव्हा मी चिडलो. आता शांतपणे लिहायला बसलोय, तरी थोडा चिडूनच.

2010च्या पाणथळ नियमांत माणसाने केलेल्या पाणथळ जागाही होत्या. 2017च्या नियमांनी मीठ, मत्स्यशेती, सिंचनासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच काढल्या. म्हणजे ज्या मिठागरावर तू तो लांब पायांचा पाणपक्षी, पहिला शेकाट्या, पाहिलास, ते कागदावर पाणथळ उरलंच नाही. शेकाट्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

ठाणे खाडीत 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. आनंद आहे. पण भरती चढली, चिखल बुडाला की हे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जातात कुठे? आतल्या तळ्यांवर, मिठागरांवर. तिथं एका पायावर उभे राहून पाणी उतरायची वाट बघतात. ताट अभयारण्यात आणि अंथरूण बाहेर! समुद्र चढेल तशा त्यांना याच आतल्या जागा जास्त लागणार. भरतीत धो धो पाऊस आला तर पाणी साठायला आपल्यालाही. आणि आपण त्याच भराव टाकून बुजवतोय.

एका तळ्यावर मी बारा वर्षं गेलो. वही नाही, तारीख नाही, नुसती मजा. भराव पडायला लागला तेव्हा तक्रार केली. पाहणी ठरली, साहेब आले ते ऐन ओहोटीला. तळ्यावर एक बगळा आणि दोन कुत्री. "पक्षी कुठायत?" म्हटलं, भरतीला या. "नोंदी आहेत?" माझ्याकडे पिशवीभर फोटो, एकावरही जागा-तारीख नाही. अहवालात आलं, 'पक्षी आढळले नाहीत.' आज तिथं गाड्या उभ्या असतात. मी त्या रस्त्याने जात नाही.

म्हणून म्हणतो, लिही. जागा, तारीख, वेळ, भरती किती वाजता, किती पक्षी. फक्त गुलाबी नकोत, चिखलाच्या रंगाचे ते छोटे पाणपक्षी, तुतवारसुद्धा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिही. फोटोत शून्य दिसत नाही म्हणून ते गाळायचं नसतं. ई-बर्डवर, त्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाक, वहीतही ठेव. कंटाळा येईल. मलाही येतो. तरी लिही. नियम आज सैल झालेत, उद्या कुणी ते कोर्टात नेईल, तेव्हा न्यायाधीश तुझं रडणं नाही, तुझी वही मागतील.

मोर्चाला आलो नाही म्हणून तुमच्या ग्रुपवर कुणीतरी 'वहीवाले काका' म्हणून टोमणा मारला. मारू दे. घोषणा देताना माझा आवाज चिरकतो, हे एक. पण निवेदनाला जोडलेली तीन पानं कुणाच्या वहीतली होती, तेही विचार त्याला. असो. म्हातारपणी माणूस हिशेब फार काढतो.

आणि हो, नोकरी सोडून 'पूर्णवेळ' वगैरे काही करायचं नाही. दुर्बिणीचे हप्ते कोण भरणार?

रविवारी अमावास्या आहे, भरती बाराच्या सुमारास. अकराला ये. टोपी आण, बांधावर सावली नाही. दुर्बीण माझी चालेल, वही मात्र तुझी आण.

काका