सुवार्तासेवेला नव्याने निघालेल्या तुझ्यासाठी

सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगण्याच्या सेवेला निघताना बोलण्यापेक्षा ऐकण्याची तयारी अधिक ठेव, असे मी तुला आग्रहाने सांगेन. पहाटेची प्रार्थना आणि बायबलमधील वचनाचे मनन कितीही घाई असली तरी चुकवू नकोस, कारण दिवसभर दारोदार फिरून नकार पचवण्याचे बळ तिथूनच मिळते. प्रभू येशूने बारा शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवले (मार्क ६:७), त्यामागचे शहाणपण मला सोबत्याशी अबोला धरल्यावरच उमगले. म्हणून मतभेद झोपण्यापूर्वी मिटवत जा. दृष्टी अधू झालेल्या एका आजींनी आधी माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला, फाटकी उशी शिवली आणि मग स्वतःहून म्हणाल्या, “आता तुझ्या देवाबद्दल सांग.” तो आनंद आजही माझ्या मनात ताजा आहे. घरी मात्र दर आठवड्याला पत्र लिही.