फ्री एजंटवर एवढे पैसे ओतले तर चाहत्यांच्या पोटात का दुखतं?

प्रश्न असा आहे: "अमेरिकन फुटबॉलमध्ये फ्री एजंट, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूला अव्वाच्या सव्वा पैसे देतात आणि चाहते वर्षभर त्यावर भांडत बसतात. पैसे मालकाचे जातात, मग यांच्या पोटात का दुखतं?"

पोटात दुखणाऱ्यांपैकीच मी एक, म्हणून उत्तर देतो. तेरा वर्षं अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतोय आणि फाल्कन्सचा चाहता आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, २८-३ ने पुढे असताना हरलेला संघ तो हाच. तेव्हा सहानुभूती आधीच घेऊन ठेवतो.

आधी पैशाचं बघू. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, तसंच इथेही आहे. २०२४ च्या हंगामात प्रत्येक संघाला पगारांसाठी २५.५४ कोटी डॉलरची मर्यादा होती. तिला कॅप म्हणतात. आमचे मालक आर्थर ब्लँक हे होम डेपोच्या संस्थापकांपैकी एक, त्यांना पैशाला काय कमी? पण कॅपच्या वर ते मनात आलं म्हणून खर्च करू शकत नाहीत. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्याला, जास्त दिले की बचाव फळीत कुणाला तरी कमी पडणार. ब्लँकसाहेबांच्या खिशाला भोक पडलं तर आम्हाला काही वाटत नाही, पण ते भोक रविवारी दुपारी मैदानावर दिसतं.

शिवाय साइनिंग बोनसची गंमत आहे. तो खेळाडूच्या हातात लगेच पडतो, हिशेबात मात्र कराराच्या वर्षांवर वाटून मांडतात. खेळाडूला मध्येच काढलंत तर उरलेली रक्कम अंगावर येते, तिला डेड मनी म्हणतात. २०२२ मध्ये आम्ही आमचा क्वार्टरबॅक मॅट रायन याला इंडियानापोलिसला पाठवलं. त्या वर्षी तो त्यांच्याकडून खेळला आणि आमच्या कॅपमधले चार कोटींहून जास्त डॉलर, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, त्याच्या नावावर अडकून पडले. घर विकलं तरी हप्ते चालूच, अशातली गत.

(जाता जाता: फ्री एजंटमधला फ्री म्हणजे फुकट नव्हे, मोकळा. जुना करार संपलेला, त्यामुळे आधीच्या संघाला काही द्यावं लागत नाही. सगळं खेळाडूलाच मिळतं, म्हणूनच आकडे असे फुगतात.)

आता आमचं प्रकरण. रायन गेल्यानंतर आमच्याकडे क्वार्टरबॅकच्या जागी नुसता दुष्काळ. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे, २०२१ पासून तीन वर्षं लागोपाठ आमची पहिली निवड काइल पिट्स, ड्रेक लंडन, बिजान रॉबिन्सन. एकाहून एक सरस पोरं, पण त्यांच्याकडे चेंडू फेकणार कोण? तिन्ही वर्षं निकाल तोच, ७ जिंकले, १० हरले. मग ११ मार्च २०२४ ला बातमी आली की मिनेसोटाचा कर्क कझिन्स येतोय. चार वर्षं, १८ कोटी डॉलर, त्यातले १० कोटी हमीचे, ५ कोटींचा साइनिंग बोनस. वय ३५, आणि आदल्या ऑक्टोबरात उजव्या टाचेमागची अकिलीसची नस तुटलेली.

माझ्या घरात त्या संध्याकाळी जेवण थंड झालं. मी बाजूने होतो. म्हटलं, बाकी सगळं जेवण तयार आहे, मीठ तेवढं नाही, तर मीठ महाग पडलं म्हणून अळणी खायचं का? मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याच्या मागच्या सहा वर्षांचे पैसे देताय. खेळणार तो पुढची चार." मी त्याला गप्प केलं, आणि दुसऱ्या दिवशी १८ नंबरची जर्सी मागवली. शेजारचा म्हातारा, निवृत्त पोस्टमन, जुन्या जॉर्जिया डोमच्या काळापासूनचा चाहता, माझ्या पक्षात होता. त्याच्या मते आम्ही इतकी वर्षं आशेवर काढली होती, आता जरा पैशावर काढून बघू.

इथपर्यंतचा वाद सरळ होता. दीड महिन्याने तो बिघडला.

२५ एप्रिल, ड्राफ्टची पहिली रात्र. आठवी निवड आमची. आम्हाला कडेवरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा कुणीतरी हवा होता, गल्लीतलं प्रत्येक पोर तेच बोलत होतं. डेट्रॉइटच्या मंचावरून नाव आलं मायकल पेनिक्स. क्वार्टरबॅक! म्हाताऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाटी बदलली नव्हती. मग तो मला म्हणाला, "दहा कोटी डॉलर हमीचे देऊन नवरा आणला आणि मांडवात दुसरा उभा केला." तो इंग्रजीत जरा वेगळं बोलला, पण अर्थ हाच.

माझा पक्ष त्या रात्री सुटला. पैसे जास्त दिले म्हणून नव्हे. आजच जिंकायचं असेल तर म्हाताऱ्या क्वार्टरबॅकला पैसे द्या आणि आठवी निवड त्याच्या मदतीला लावा. उद्याचं बघायचं असेल तर पोरगा घ्या आणि पैसे राखून ठेवा. यांनी दोन डगरींवर पाय ठेवला. कझिन्सला हे नवं नव्हतं म्हणा. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट ग्रिफिनला घेतलं आणि त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत कझिन्सला. तेव्हा मागून आलेला तो होता, बारा वर्षांनी पाळी फिरली. त्यात भर म्हणजे अटलांटातल्या पहिल्याच पत्रकार परिषदेत तो बोलण्याच्या ओघात सांगून बसला की संघाच्या मुख्य ट्रेनरशी त्याचं आधीच बोलणं झालं होतं. वेळेआधी असं बोलणं नियमात बसत नाही. चौकशी झाली, अडीच लाख डॉलर दंड आणि पुढच्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीतली निवड गेली.

हंगामाची सुरुवात मात्र अशी झाली की मी पुन्हा जर्सी घालून हिंडायला लागलो. फिलाडेल्फियात ३४ सेकंद उरले असताना टचडाउन (चेंडू विरोधकांच्या शेवटच्या रेषेपार), २२-२१. ऑक्टोबरात ताम्पाविरुद्ध ५०९ यार्ड आणि चार टचडाउन, शेवटचा जादा वेळेत. आमच्या संघाच्या इतिहासात एका सामन्यात इतके यार्ड कुणी फेकले नव्हते. मुलगा तेव्हा आठवडाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता. ६ जिंकले, ३ हरले, गटात पहिले.

मग लागोपाठ चार पराभव. त्या चार सामन्यांत टचडाउनचे पास शून्य, इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनीच झेललेले पास, आठ. त्यातले चार एकट्या चार्जर्सविरुद्ध, १ डिसेंबरला, आणि त्या दिवशी मी बापलेकाची तिकिटं काढून स्टेडियममध्ये बसलो होतो. टीव्हीवर दिसत नाही असं एक तिथे दिसलं. चेंडू टाकताना तो पायात जोरच घेत नव्हता, सगळी फेक खांद्यातून. चेंडू हवेत लटकायचा, जणू कुणीही या आणि घ्या. १७-१३ ने हरलो. घरी येताना गाडीत मुलगा काहीच बोलला नाही, हे जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मिनेसोटात तर देवाने चेष्टाच केली. कझिन्सच्या जागी त्यांनी सॅम डार्नल्डला घेतलं होतं, तोही फ्री एजंटच, एका वर्षासाठी एक कोटी डॉलरमध्ये. त्याने आमच्यावर पाच टचडाउन चढवले, ४२-२१. त्यांचा हंगाम १४-३, आमचा ८-९. दरम्यान कझिन्सला बसवून पेनिक्स उतरला होता. १८ टचडाउन, १६ इंटरसेप्शन, हा कझिन्सचा त्या वर्षीचा हिशेब.

पुढच्या वर्षीही तो संघातच राहिला, पगार हमीचा होता ना. २.७५ कोटी डॉलरचा राखीव खेळाडू! आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पेनिक्सचा गुडघा गेल्यावर तोच परत उतरला, तेव्हा आमच्या गल्लीत वाद नव्याने पेटला. म्हातारा म्हणे, बघा, विमा कामाला आला. मुलगा म्हणे, एवढ्या हप्त्याचा विमा?

तुम्ही विचाराल, मग फ्री एजंट घेणं आतबट्ट्याचाच व्यवहार का? नाही. २००६ मध्ये ड्रू ब्रीज खांद्याची शस्त्रक्रिया होऊन बाजारात आला. मायामीने डॉक्टरांचं ऐकून माघार घेतली, न्यू ऑर्लिन्सने घेतला आणि सुपर बोल जिंकला. न्यू ऑर्लिन्स आमचं हाडवैरी, म्हणून हे उदाहरण द्यायला जिवावर येतं. आणि ज्या मार्चमध्ये आम्ही कझिन्स घेतला, त्याच मार्चमध्ये फिलाडेल्फियाने सेक्वॉन बार्कलीला तीन वर्षांसाठी ३.७७५ कोटींना घेतलं. धावणाऱ्या खेळाडूवर एवढे पैसे कशाला, म्हणून लोक हसले. तो त्या हंगामात २००५ यार्ड धावला आणि ते सुपर बोल जिंकले. पण फिलाडेल्फियाची पुढची फळी आधीपासून भक्कम होती, धावायला वाट तयार होती. पैसे कुणावर लावले यापेक्षा तो आल्यावर बाकीचा संघ त्याच्यासाठी लावला का, एवढंच मी आता बघतो.

आमच्या घरापुरतं सांगायचं तर जर्सी वाया गेलेली नाही. आई मागच्या थंडीत सांगलीहून आली होती. साडीवर स्वेटर आणि स्वेटरवर ती १८ नंबरची जर्सी घालून रोज सकाळी फिरायला जायची. शेजारचा म्हातारा कचऱ्याचा डबा बाहेर काढता काढता तिला बघून "इंटरसेप्शन!" असं ओरडायचा. तिला वाटायचं तो गुड मॉर्निंग म्हणतोय. तीही हात वर करून तेच म्हणायची.