मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा तुटतायत? चेन बघा

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांत मागच्या चाकाचे पाच स्पोक गेले, दर वेळी तुटलेला तेवढा बदलून मिळाला आणि आता मेकॅनिक म्हणतोय की जुन्या घाटणीच्या मोटरसायकलींचं हे असंच असतं. असं काही नसतं. माझ्या सिंगल सिलिंडर ३५० ने मला दीड वर्ष याच चक्रात फिरवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही. तुमची गाडी माझ्यासमोर नाही, हे धरूनच वाचा.

रिम आऊट आहे का म्हणजे वाकडी फिरते का, टायरमधली हवा, बेअरिंगची ढील हे तुम्ही पाहिलंच असेल. ते सोडून देतो.

तुटलेले स्पोक टाकून दिले नसतील तर एक उजेडात धरा आणि तुटलेलं तोंड बघा. माझे सगळे चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या भोकात स्पोक बसतो त्या वाकापाशी तुटलेले होते. तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी आणि एका कडेला चकचकीत, खरबरीत चंद्रकोर. ती चंद्रकोर तेवढी त्या दिवशी तुटली. बाकीची चीर कित्येक दिवस आत सरकत होती. म्हणजे ज्या खड्ड्याला मी शिव्या घालत होतो त्याचा दोष फार थोडा. आणि शेजारचे जे स्पोक शाबूत दिसत होते त्यांच्यातही तीच चीर अर्ध्यावर आलेली असणार. म्हणून एकेक बदलून उपयोग होत नाही.

दुसरं, तुटलेले सगळे एकाच दिशेला झुकणारे आहेत का ते बघा. इंजिन ओढतं तेव्हा हब पुढे फिरतो आणि ज्यांचं रिमकडचं टोक मागे रेललेलं आहे त्या स्पोकांवर ताण येतो. ब्रेक मारला की उलट्या दिशेच्या स्पोकांवर. माझे सगळे पहिल्या जातीचे निघाले. म्हणजे मार इंजिनकडून येत होता.

आता माझी चूक. चेन कव्हरला घासून आवाज करायची, मला तो सहन व्हायचा नाही. मी गाडी मेन स्टँडवर घ्यायचो आणि चेन अशी ताणायचो की मधोमध बोटाने जेमतेम १० मिलिमीटर हलेल. आवाज बंद, मी खूश. पण मेन स्टँडवर मागचं चाक लोंबकळत असतं. तुम्ही बसलात की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा वरखाली हलणारा दांडा, वर येतो, आणि पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चक्राचा) मध्य, स्विंगआर्म जिथे गाडीला जोडलेला असतो तो पिव्हट आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. माझ्या चेनला तिथे द्यायला काही उरतच नव्हतं. प्रत्येक खड्ड्यात ती काठीसारखी ताठ होऊन हबला पुढे आणि गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला मागे खेचायची. त्या काळात गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील मी दोनदा बदललं आणि त्याचा स्पोकशी संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण गाडी सांगत होती.

चेन खरी मोजायची तर मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढा, स्विंगआर्म उचलून ते तीन मध्य एका रेषेत आणा आणि तिथे थोडी तरी ढील उरते का बघा. मग शॉक परत लावून तीच ढील स्टँडवर किती दिसते ते मोजून लिहून ठेवा. मॅन्युअलमधला आकडा कोणत्या स्थितीतला आहे हेही वाचा, स्टँडवरचा की माणूस बसल्यावरचा. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथेच माप घ्यायचं. ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकवल्यावर ब्रेक रॉडही ताणला जातो, तो सैल करायला विसरू नका. नाहीतर ब्रेक घासत राहतो आणि हब तापतो.

एकट्या चेनने स्पोक तुटत नाहीत. हबमधली झटका झेलणारी रबरं मेलेली असतील तर तो झटका थेट स्पोकवर जातो. चाक घट्ट धरून मागचं स्प्रॉकेट हाताने पुढेमागे करा. सहज हलून खट्ट आवाज आला तर रबरं गेली. माझी बाहेर काढली तेव्हा कडा चुरा होऊन हातात आल्या.

हे सगळं शोधायच्या आधी मी सर्व्हिस सेंटरच्या वॉरंटी टेबलावर तीनदा गेलो होतो. पहिल्यांदा सांगितलं, स्पोक झिजणारा पार्ट आहे. दुसऱ्यांदा, तुम्ही वजन जास्त टाकता. तिसऱ्यांदा अर्जावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं, आणि चाक खोललंही नव्हतं! जॉबकार्डवर कोणता पार्ट खोलून पाहिला ते लिहून घ्या, एवढंच सांगेन.

माझं मत, पटलं तर घ्या : चेन आणि रबरं आधी दुरुस्त करा, मगच स्पोकचा अख्खा सेट नवा टाका, ३६ असोत की ४०. जाड स्पोक टाका असं कुणी सांगेल, ऐकू नका. तोच ताण मग हबच्या भोकांवर जातो, आणि हब स्पोकइतका सहज बदलता येत नाही. निपलच्या, म्हणजे रिमपाशी स्पोक आवळणाऱ्या नटाच्या, वर आलेली स्पोकची टोकं घासून घ्या, नाहीतर ट्यूब पंक्चर होते. सैल स्पोक घट्ट स्पोकपेक्षा लवकर तुटतो, कारण दर फेरीला तो वाकापाशी हलतो. म्हणून पहिल्या ३०० किलोमीटरनंतर प्रत्येक स्पोकवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारा. घट्ट स्पोक टण्ण वाजतो, सैल बद्द. बद्द वाजणाऱ्याचं निपल एका वेळी पाव आटाच फिरवा.

तुटलेल्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो टाका, आणि ते स्पोक कोणत्या दिशेला झुकणारे होते ते कळवा. निपलच्या आट्यांपाशी तुटत असतील तर मी वर लिहिलंय त्यातलं बरंच तुम्हाला लागू होणार नाही.