दात साठ हजारांचा, हप्ता लाखाचा

प्रश्न : वय 38, नाशिकला कारखान्यात नोकरी. हातात 48 हजार येतात, घरखर्च 35 हजार. पत्नी गृहिणी, मुलगी 7 वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडून वरचा पुढचा दात गेला. इम्प्लांटचे (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दाताचे) 60 हजार सांगितले आहेत. 12 महिन्यांचा 'बिनव्याजी' ईएमआय आहे. एकरकमी दिल्यास 10 टक्के सूट. ईएमआय घेऊ की दरमहा 3 हजारांची गुंतवणूक (एसआयपी) थांबवू? हमी परताव्याच्या विमा पॉलिसीचा 1 लाखाचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, ते पैसे वेगळे ठेवलेत. 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 20 लाख मिळतील. विमा 10 लाखांचा. एजंट म्हणतात, हप्ता भरा, मग पॉलिसीवर कर्ज काढून दात बसवा. सिगारेट दिवसाला चार-पाच.

उत्तर : ईएमआय आधी निकालात काढू. रोख 54 हजार आणि हप्त्यांनी 60 हजार, म्हणजे 54 हजारांवर वर्षाला सुमारे 20 टक्के व्याज. याला बिनव्याजी कोण म्हणतं? शिवाय वित्त कंपनी क्लिनिकला पैसे सहसा सुरुवातीलाच एकरकमी देते. उपचार मध्येच अडले तरी तुमचे हप्ते चालूच. आणि खर्च, एसआयपी व विम्याच्या वार्षिक हप्त्याचा महिन्याचा वाटा जाऊन तुमच्याकडे महिन्याला जेमतेम दीड-दोन हजार उरतात. त्यात 5 हजारांचा ईएमआय बसतच नाही. एसआयपीला हात लावू नका. 3 हजार वाचवून 60 हजार उभे करणं म्हणजे दात कोरून पोट भरणं.

पैसे तुमच्याकडे आहेत. ते तुम्ही भलत्याच देवापुढे ठेवले आहेत.

पॉलिसी बघा. 10 लाख भरून 20 वर्षांनी 20 लाख, हा परतावा वर्षाला साधारण साडेचार टक्के. 'दामदुप्पट' ऐकून सही केलीत, किती वर्षांनी हे विचारलं नाहीत. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 29 लाखांच्या घरात जातात. विमा म्हणाल तर 35 हजारांच्या घरखर्चाला 10 लाख सव्वादोन-अडीच वर्षं पुरतील. मुलगी तेव्हा दहाचीही नसेल. एजंटांचा सल्ला तर कमालच आहे : 1 लाख भरा, मग आपल्याच पैशांतले 80-85 हजार व्याजाने परत घ्या.

क्रम असा ठेवा. आजच 1 कोटीच्या टर्म विम्याचा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणाऱ्या विम्याचा) अर्ज करा. सिगारेट लपवू नका. हप्ता जवळपास दीडपट होईल, वर्षाला 30 हजार धरा. पण लपवलंत तर दावा अडकेल आणि भोगावं लागेल पत्नीला. वैद्यकीय तपासणीत दोन-तीन आठवडे जातात. जुन्या पॉलिसीला वार्षिक हप्त्यासाठी तारीख उलटल्यावर 30 दिवसांची मुदत मिळते. टर्मची पॉलिसी हातात आली की तिसरा हप्ता भरू नका.

मग सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणं) की पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं)? दोन हप्त्यांनंतर हमी सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या 30 टक्के, म्हणजे 60 हजार. दाताएवढेच! मोह होईल. पण पेड-अप रक्कम प्रमाणात धरली, तर दहापैकी दोन हप्त्यांचे 20व्या वर्षी 4 लाख. 60 हजारांचे 18 वर्षांत 4 लाख पीपीएफही करत नाही. म्हणून कंपनीकडून विशेष सरेंडर मूल्य (कंपनी स्वतः काढते ते, हमीपेक्षा जास्त असू शकतं) आणि पेड-अप रक्कम दोन्ही लेखी मागवा. 4 लाखांच्या आसपास असेल तर पेड-अप ठेवून विसरा. यंदाचा लाख दात आणि टर्ममध्ये गेला, पुढचे सात हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर त्यांचे 18 अधिक पेड-अपचे 4, म्हणजे 22 लाख. टर्मचा हप्ताही त्यातूनच भरलात तर 17 लाख. 20 पेक्षा कमी, हो. पण मधल्या काळात घरामागे 10 लाख नाही, 1 कोटी उभे असतील.

आता दात. लांबवू नका, वरच्या पुढच्या दातासमोरचं हाड पातळ असतं, दात गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच बरंच झिजतं. मग हाड भरण्याचा खर्च वाढतो. 60 हजारांत सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), स्क्रू, हाडाची भर, तात्पुरता दात, अ‍ॅबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि झिर्कोनियाची (टणक सिरॅमिकची) कॅप यांतलं काय धरलंय, कागदावर घ्या. स्क्रू हाडात मुरायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून सगळे पैसे आगाऊ देऊ नका. निम्मे स्क्रूच्या वेळी, निम्मे कॅपच्या. सूट 10 ऐवजी 5 टक्के मिळाली तरी चालेल. शेजारचे दात धड असतील तर मेरीलँड ब्रिजचं (शेजारच्या दाताला पंखासारखी पट्टी चिकटवून बसवलेल्या दाताचं) विचारा. तो मागून चिकटवतात, दात फारसे घासत नाहीत, खर्चही बराच कमी. साध्या ब्रिजसाठी दोन चांगले दात घासू देऊ नका.

कंपनीच्या गट विम्यात अपघाती दातांचा खर्च बसतो का, उपचाराआधी विचारा. बहुतेकदा दाखल झाल्याशिवाय मिळत नाही. सिगारेटने स्क्रू न मुरण्याचा धोका वाढतो, आणि क्लिनिक 'आयुष्यभराची हमी' देत असेल, तर ती सहसा फक्त स्क्रूची असते. कॅप दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागेल. स्क्रूचा ब्रँड, माप आणि लॉट क्रमांकाचं स्टिकर मागून फाइलला लावा. तेव्हा डॉक्टर दुसरे असले तरी जुळणारा भाग मिळेल.