शॉर्टकट उघडत नाहीत? फॉरमॅटची घाई नको

प्रश्न : डेस्कटॉपवरची सगळी चिन्हं एकसारखी झाली आहेत. कशावरही डबल क्लिक केलं की नोटपॅड उघडतं आणि त्यात अगम्य अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर बंद-चालू करूनही फरक नाही. सुनेच्या लॉगिनमध्ये मात्र सगळं ठीक चालतं. दुरुस्तीवाले फॉरमॅट करायला सांगतात, पण त्यात दुकानाचा ७ वर्षांचा हिशेब आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू नका. प्रोग्रॅम आणि हिशेब दोन्ही जागच्या जागी आहेत. डेस्कटॉपवर दिसतो तो प्रोग्रॅम नव्हे, त्याचा पत्ता लिहिलेली एक-दोन केबीची चिठ्ठी, म्हणजेच शॉर्टकट असतो. त्याचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) एलएनके. एरवी ते कधीच दिसत नाही. आता चिन्हांच्या नावांपुढे ते दिसत असेल, तर दुखणं हेच. कधीतरी 'ओपन विथ' मध्ये नोटपॅड निवडलं गेलं आणि 'नेहमी हेच वापरा' वर खूण राहिली. ही निवड विंडोज रेजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, फक्त त्या यूजरच्या नावावर लिहून ठेवतं. म्हणून सुनेकडे सगळं नीट आहे, आणि बंद-चालू केल्याने काही पुसलं जात नाही.

स्टार्ट मेन्यूतले प्रोग्रॅमही बहुतेक शॉर्टकटच असल्यामुळे तिथून जाऊ नका. विंडोजचं बटण धरून आर दाबा, चौकटीत आर-ई-जी-ई-डी-आय-टी टाइप करून एंटर करा आणि परवानगी विचारल्यास 'येस' म्हणा. मग डावीकडे एकेक फोल्डर उघडत जा : एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, डॉट एलएनके. वाटेत 'विंडोज एनटी' नावाचं दुसरं फोल्डर लागतं. बरेच जण तिथेच चुकतात. डॉट एलएनकेवर राइट क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करा, म्हणजे काही बिनसलं तर परत आणता येईल. मग त्याच्या आतलं 'यूजरचॉइस' तेवढं डिलीट करा, बाकी कशालाही हात लावू नका. शेवटी साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. चिन्हं पूर्ववत दिसतील.

यूजरचॉइस तिथे नसेलच, तर एचकी क्लासेस रूटमधलं डॉट एलएनके पाहा. उजवीकडे 'डिफॉल्ट' समोर 'एलएनकेफाइल' असायला हवं. इथली नोंद मात्र सगळ्या यूजरना लागू होते. सुनेचं लॉगिन ठीक असताना ती बिघडलेली असण्याची शक्यता कमी, म्हणून आधी यूजरचॉइसच तपासा.

हे सगळं होईपर्यंत हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायचा असेल, तर त्याच्या मूळ फोल्डरमधल्या ईएक्सई फाइलवर डबल क्लिक करा. ती थेट चालते.

प्रश्न : रावपुऱ्यात झेरॉक्स काढून आल्यापासून पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डर शॉर्टकट झाली आहेत. आतले कागद गेले का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : बहुधा गेलेले नाहीत, लपवले आहेत. हा व्हायरस आहे, आणि त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. तेवढं कटाक्षाने टाळा. राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये 'टार्गेट' वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (आज्ञा चालवणारे विंडोजचे प्रोग्रॅम) दिसलं की शंका नको. आधी पेनड्राइव्ह अँटिव्हायरसने तपासा. नंतर फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' मध्ये लपवलेल्या फाइली दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची खूण काढा. ही दुसरी खूण राहिली तर काहीच दिसत नाही. कधी सगळा ऐवज नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये सापडतो. तिथून फक्त तुमचे कागद आणि फोटो कॉपी करा. शॉर्टकट, ईएक्सई (प्रोग्रॅम) आणि व्हीबीएस (स्क्रिप्ट) फाइली घेऊ नका. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा. एकदा शॉर्टकट उघडून झाला असेल, तर कॉम्प्युटरचंही पूर्ण स्कॅन करा, नाहीतर पुढच्या पेनड्राइव्हची हीच गत होईल.